धड्यात उतू गेलेलं दूध

आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. नायना, म्हणजे माझे वडील, मिसरूड फुटायच्या आधीपासून टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिलेले. त्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान निम्मे गेले होते. संध्याकाळी घरी आले की 'चहा' एवढा एकच शब्द ते असा ओरडायचे की शेजारची यल्लूबाईसुद्धा दचकून आधण ठेवायची. त्यांना काही सांगायचं तर समोर जाऊन बसायचं, तोंडासमोर तोंड धरायचं आणि ओठ नीट हलवायचे. पाठीमागून बोललात की संपलं. मग ते मान डावीकडे वाकडी करून आपल्याकडे बघायचे, आणि ती वाकडी मान दिसली की आम्ही समजायचो, पहिल्यापासून सांगायला लागणार. मला बरीच मोठी होईपर्यंत वाटायचं की जगात सगळे असंच बोलतात. कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे पहिल्यांदा जेवायला गेले, तर तिची आई ताटात वाढता वाढता थांबून म्हणाली, "अगं, आम्ही बहिरे नाही गं!" मी इतकी ओशाळले की शेंगाची चटणी मागायची होती ती मागितलीच नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात तसली घरं तेव्हा गल्लीगल्लीत होती. आमच्यासारखी तेलुगू बोलणारी, पुरुष मागावर आणि बाया विडीवर. घरातलं आमचं सगळं बोलणं तेलुगूतच. इथं मी ते मराठीत लिहितेय, कारण अम्मा आता जे बोलते ते माझ्याही डोक्यात मराठीतच ऐकू येतं, इतकी वर्षं मी शाळेत घालवलीत. अम्मा दारात पाय पसरून बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमटीभर तंबाखू पसरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. हे सगळं ती न बघता करायची आणि बघायची मात्र चुलीवरच्या पप्पुचारूकडे, म्हणजे आमच्या चिंचेच्या वरणाकडे, नाहीतर रस्त्यावरून कोण चाललंय तिकडे. तंबाखूच्या खाटानं आम्हाला शिंका येत. तिला कधी आली नाही. भात, चारू, वर तळलेली मिरची, आणि रात्रीला ज्वारीची कडक भाकरी मोडून दह्यात. एवढ्यावर आम्ही वाढलो आणि चांगले वाढलो.

अम्माच्या नावानं विडी कारखान्यात एक कार्ड होतं. हे कार्ड म्हणजे काय ते आमच्याकडच्या बायांनाच कळेल. कार्ड असलं तर बाई कारखान्याची, नसलं तर ती दुसऱ्याच्या कार्डावर राबणारी. कार्ड आईकडून लेकीकडे नाहीतर सुनेकडे जातं. दागिना जावा तसं. मी बारावी झाले त्या वर्षी अम्माची बोटं आखडायला लागली. सकाळी उठली की आधी कोमट पाण्यात हात घालून बसायची. रोजच्या ठरलेल्या विड्या भरेनात, तपासणाऱ्या बाईनं चिमटीत धरून बघितल्या की निम्म्या बाजूला पडायला लागल्या. कारखान्यातल्या मुनिमानं सांगितलं, तुमच्यानं होत नसेल तर कार्ड पोरीच्या नावावर करा, उगाच बंद पडायला नको. अम्मानं मला समोर बसवून सांगितलं, "विजया, कार्ड तुझ्या नावावर करूया. घरच्या घरी काम. ऊन नाही, वारा नाही, कुणाचं ऐकून घेणं नाही." मी म्हटलं, मला शाळेत शिकवायचंय. ती म्हणाली, "शाळा तुला बोलवायला आलीय का दारात?"

खरं सांगायचं तर शाळा दारात आलीच होती. म्हणजे गल्लीच्या टोकाला. छोटी मराठी शाळा, मागच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना, त्यामुळे तिथल्या बाईंचे आवाजही आमच्या घरच्यासारखेच. मोठ्या बाई बिराजदारबाई. त्या अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या, अंगानं भरलेल्या आणि रागाला तेज. पहिलीच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं तेलुगू, काही उर्दूवाली, आणि शिकवणाऱ्या बाई माढ्याच्या. पोरं काय म्हणतात ते बाईंना कळेना आणि बाई काय म्हणतात ते पोरांना. म्हणून बिराजदारबाईंनी मला मदतनीस म्हणून घेतलं. त्याच वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं शाळेला टॅब दिले. मुलांनी लवकर वाचायला शिकावं म्हणून. माढ्याच्या बाईंनी ते कपाटात ठेवून दिले. फुटले तर कोण भरून देणार, म्हणाल्या. आठ दिवसांनी बिराजदारबाईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "तू तरुण हैस. तूच बघ ही भानगड. वर्षाच्या शेवटी संस्थेची ताई येणार, पोरांचं वाचन ऐकणार. वाचली तर टॅब राहतील आणि तुझी जागाबी राहील. नाही वाचली तर मी काय करू शकत नाही बघ." मी घरी येऊन अम्माला सांगितलं, वर्ष संपेपर्यंत थांब. जागा राहिली तर मी शाळेत, नाही राहिली तर कार्ड माझ्या नावावर. अम्मानं मुनिमाकडे तेवढी मुदत मागून घेतली. तोवर तिनं आखडलेल्या बोटांनी वळायचं असं ठरलं.

त्या टॅबमध्ये गोष्टी होत्या. पान उघडलं की चित्र, खाली दोन ओळी, आणि एक बाई ती ओळ वाचून दाखवायची. ती वाचेल तसा एकेक शब्द पिवळा व्हायचा. कल्पना झकास होती. पण ती बाई बोलायची अशी की जणू तिची गाडी चुकत होती. आवाज गोड, नाजूक, आणि भिंतीपलीकडून लूम खटॅक-खटॅक सुरू झाले की तो पार बुडून जायचा. पोरं कान टॅबला लावायची आणि मग माझ्याकडे बघायची. एकानं तर मला विचारलं, "बाई, ही रडते का?" मी टॅब उलटासुलटा करून बघितला तेव्हा सापडलं, की गोष्टीतला आवाज काढून तिथं आपला आवाज भरता येतो. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी घरापर्यंत पळतच आले. ओरडून बोलणाऱ्या घरात वाढल्याचा असा उपयोग होईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आवाज भरायचा तर लूम बंद पाहिजेत. आठवड्यातून एका दिवशी कारखान्यांना सुटी असे. त्या दिवशी आमची गल्ली इतकी शांत असायची की नायनांना झोप लागायची नाही. मी दुपारी आतल्या खोलीत टॅब घेऊन बसले. दार लावून घेतलं आणि राधाच्या कोकराची गोष्ट वाचायला घेतली. राधाचं कोकरू हरवतं, ती विहिरीपाशी जाते, मळ्यात जाते, बाजारात जाते, आणि ते सापडतं घरातच, खाटेखाली. मी एकेक पान सावकाश, नीट, समोर नायना बसलेत असं समजून वाचलं. मळ्याच्या पानावर आले. "राधा मळ्यात गेली. कोकरू मळ्यात नव्हतं." आणि त्याच क्षणी बाहेरून अम्माचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "पालु पोंगुतुन्नैऽऽ!" म्हणजे दूध उतू चाललंय. मी धावले. दूध गेलंच. परत येऊन ऐकलं तर ते वाक्य गोष्टीत जाऊन बसलेलं. म्हटलं, पुढच्या सुटीला हे पान पुन्हा करू. पुढच्या सुटीला आमच्याकडे पाहुणे आले.

दरम्यान पोरांना ती गोष्ट अशी आवडली की विचारू नका. एका टॅबला चारपाच डोकी चिकटलेली, आवाज पूर्ण मोठा, आणि मळ्याचं पान आलं की सगळी खदखदून हसायची. मराठी गोष्टीत आपल्या घरातलं वाक्य! ज्या पोरांनी दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नव्हतं ती पोरं घडाघडा गोष्ट म्हणायला लागली. बोटं अक्षरांवरून फिरवत, थांबायच्या जागी थांबत, अगदी माझ्यासारखा सूर काढत. माढ्याच्या बाईंनी कपाळाला हात लावला, "अगं बाई, ही वाचतात की!" बिराजदारबाई दारात उभ्या राहून पहिलं पान ऐकायच्या आणि मान डोलावून जायच्या. मी घरी जाऊन सांगायचे, अम्मा, झालं बघ. अम्मा म्हणायची, "झालं तर झालं. जेव."

एकच पोर गोष्ट म्हणायची नाही. मुस्कान. रिक्षावाल्या बशीरभाईंची धाकटी. बारीक चणीची, केसांना तेल चापून बसवलेलं, आणि उजव्या कानात नेहमी कापसाचा बोळा. कान फुटायचा तिचा. माढ्याच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ती मठ्ठ आहे गं, तिच्या नादी लागू नको." पण मी तिला हाक मारली तेव्हा तिनं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, आणि मला घरच्यासारखं वाटलं. मी तिला उचलून माझ्या समोर बसवलं. टॅबमधलं तिला काहीच धड ऐकू जायचं नाही, त्या कलकलाटात तर नाहीच. मग मी तिच्यासाठी टॅबचा आवाज बंदच केला. शब्द पिवळा झाला की ती दोन उभ्या रेघांचं बटण दाबून गोष्ट थांबवायची. वर माझ्या ओठांकडे बघायची. मी म्हणायचे. ती पाटीवर तो शब्द काढायची, फोडायची, जोडायची. मग पुढचा. ते थांबवायचं बटण बाकीच्या पोरांनी कधी दाबलंच नव्हतं. त्यांना कशाला थांबायला लागतंय! मुस्कान मात्र संक्रांतीला अजून विहिरीपाशीच होती. एक एक पान तिला महिना महिना लागायचा, आणि मला कधी कधी वाटायचं, माझ्यामुळे ही मागं पडतेय की काय.

आता माझ्या वर्गात जी पोरं येतात त्यांना टॅबचं नवल नाही. दूध पिता पिता मोबाइल बघितलेली पोरं ती. पुस्तकातल्या चित्रावर बोट सरकवतात आणि पान हललं नाही की माझ्याकडे तक्रार करतात. मी रागावते, मग हसू येतं. नवीन शिक्षिका मला विचारतात, बाई, तुम्ही टॅबच्या बाजूच्या की विरुद्ध? मी म्हणते, मी पोरांच्या बाजूची. असलं उत्तर दिलं की त्या गप्प बसतात, आणि मलाही पुढचं काम करता येतं.

संस्थेच्या ताई उन्हाळ्याच्या तोंडाशी आल्या. नीलिमाताई त्यांचं नाव. सुती साडी, खांद्याला पिशवी, बोलणं मऊ. भिंतीपलीकडचे लूम ऐकून त्यांनी पहिल्यांदा दोन्ही हात कानांवर ठेवले आणि मग स्वतःच हसल्या. बिराजदारबाईंनी त्यांच्यासाठी ऑफिसात चहा आणि शेंगापोळी ठेवली होती. सगळं छान चाललं होतं. नीलिमाताई वर्गात आल्या, पोरांच्या मधे खाली मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मला गोष्ट वाचून दाखवता? फक्त आज आपण टॅबचा आवाज बंद करूया. म्हणजे मला तुमचाच आवाज ऐकू येईल." पोरांना आवाज असला काय, नसला काय. त्यांनी बोटं ठेवली आणि सुरुवात केली. राधाचं कोकरू हरवलं. राधा विहिरीपाशी गेली. नीलिमाताईंचा चेहरा उजळत चालला. तरी मला अम्माचं ते वाक्य आठवलं नाही. इतकं ते माझ्या कानाला रोजचं झालं होतं.

"राधा मळ्यात गेली. कोकरू मळ्यात नव्हतं. पालु पोंगुतुन्नैऽऽ!"

अख्ख्या वर्गानं एका सुरात म्हटलं. अम्माच्या सुरात. शेवटचा हेल सुद्धा तिचा.

बिराजदारबाईंना तेलुगू कळायचं. "अय्यो शिवा," एवढंच त्या पुटपुटल्या.

नीलिमाताईंनी विचारलं, "हे शेवटचं काय होतं? कुठं लिहिलंय, दाखव बरं मला." एका पोरानं मोठ्या खात्रीनं मळ्याच्या चित्रातल्या झाडावर बोट ठेवलं. दुसऱ्यानं त्याला ढकलून पानाच्या खाली, जिथं नुसती कोरी जागा होती तिथं ठेवलं. ताईंनी बाजाराचं पान उघडलं. "हे वाचा." पोरं म्हणाली, राधाचं कोकरू हरवलं, राधा विहिरीपाशी गेली. शेवटचं पान उघडलं. राधाचं कोकरू हरवलं. राधा विहिरीपाशी गेली. पोरांना मधूनच म्हणता येत नव्हतं, त्यांना पहिल्यापासून लागत होतं. वर्षभराचं सगळं एका क्षणात समोर उघडं पडलं. या पोरांनी एक अक्षर वाचलं नव्हतं. त्यांनी मला पाठ केलं होतं. मला, आणि माझ्या आईला. अम्मा सूप घेऊन दारात बसलेली दिसायला लागली, आणि तिच्या शेजारी मी.

नीलिमाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी ओढून घेतली, आणि उठता उठता त्यांची नजर मुस्कानवर गेली. ती एकटी आपला टॅब मांडीवर घेऊन, मळ्याच्या पानावर बोट ठेवून बसली होती.

"ही का गप्प? हिला येत नाही का?"

माढ्याच्या बाई म्हणाल्या, "तिला कमी ऐकू येतं, ताई. तिचं सोडा."

मी ताईंना सांगितलं, "समोर बसून विचारा. ओठ दिसू देत." त्या पुन्हा खाली बसल्या, मुस्कानच्या तोंडासमोर. "तू का नाही म्हटलंस सगळ्यांबरोबर?"

गल्लीत खेळून मुस्कानला तेवढं तेलुगू येत होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, ही सगळी दूध दूध करायलीत. हितं दूध न्हाय की." आणि तिनं ओळीतल्या एकेका शब्दावर बोट ठेवून दाखवलं. "हे कोकरू. हे मळ्यात. हे नव्हतं. संपलं. दूध कुटं हाय?"

नीलिमाताईंनी तिच्या हातातली पाटी घेतली आणि तिच्यावर मनानं एक ओळ लिहिली. कुठल्याच गोष्टीत नसलेली. "आज माझ्या चहात साखर कमी होती." पाटी तिच्यापुढं धरली. मुस्काननं बोट ठेवलं. "आ. ज. आज. माझ्... माझ्या. च. हा. त. चहात." इतका वेळ लागला की मागची पोरं चुळबुळ करायला लागली. मी तिचं अक्षर आपल्या ओठांवर येऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरून उभी. "सा. खर. साखर. क. मी. कमी. होती." ओळ संपली. ती थांबली. परत पहिल्यापासून मनात एकदा वाचून घेतली, ते तिच्या बोटावरून कळलं. मग तिनं वर ताईंकडे बघितलं आणि अगदी कळवळून म्हणाली, "मग मागायची की!"

बिराजदारबाई अशा हसल्या की त्यांना दाराला धरावं लागलं. नीलिमाताई हसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं पुसलं. मी हसले नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

ऑफिसात नीलिमाताईंनी मला विचारून विचारून सगळं काढून घेतलं. आवाज का बंद केला, ती कुठं थांबायची, पाटीवर काय करायची, मी कुठं बसायचे. शेवटी बिराजदारबाईंना म्हणाल्या, "टॅब राहू देत, ही मुलगीही राहू दे. पण जूनपासून वर्ग उलटा चालवा. आधी मूल थांबत थांबत वाचेल, आणि टॅबमध्ये आवाज मुलाचा भरायचा. ऐकायचं काम आता यंत्राला देऊ या." बिराजदारबाई म्हणाल्या, "बाकीची सगळी पोरं परत पहिल्यापासून?" ताई म्हणाल्या, "हो. पहिल्यापासून." माढ्याच्या बाईंनी सुस्कारा सोडला. पुढं दोन वर्षं त्यांनीच सगळ्यात जास्त मेहनत घेतली, हे इथं लिहायलाच पाहिजे.

मी घरी आले तेव्हा अम्मा विड्यांच्या जुड्या बांधत होती. तिला मी सगळं सांगितलं, दुधासकट. पुण्याच्या ताईंसमोर अख्खा वर्ग तुझ्या आवाजात ओरडला म्हटल्यावर तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "माझी अब्रू घालवलीस गं! त्यांना वाटलं असेल, या बाईला दूध सुद्धा सांभाळता येत नाही." नायनांना तिनं ओरडून ओरडून ते तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते नव्यानं हसले. मग हसणं संपलं. अम्मानं हातावर हात चोळले, बोटं एकेक करून ताणली. मला कळलं ती काय विचार करतेय. जागा मला मिळाली होती, म्हणजे कार्ड मी घेणार नव्हते, आणि कार्ड चालू ठेवायचं तर वळायचं तिलाच होतं. मी म्हटलं, "अम्मा, मी संध्याकाळी येऊन वळत जाईन. नाहीतर राहू दे शाळा, मी घेते कार्ड." खरंच म्हटलं. त्या क्षणी तिनं हो म्हटलं असतं तर मी घेतलं असतं.

अम्मानं विचारलं, "त्या कानवाल्या पोरीची गोष्ट संपली का?"

"नाही. बाजाराचं पान राहिलंय. मग खाटेखालचं."

"मग तू तिच्यासमोर बस," अम्मा म्हणाली. "माझी बोटं हायत अजून."

तिनं सूप मांडीवर ओढलं. त्यानंतर तिनं कितीतरी वर्षं विड्या वळल्या.